पाळी येण्याआधी, आवाज फुटण्याआधी: वयात येणाऱ्या मुलांना काय सांगायचं, कधी आणि कोणत्या शब्दांत

"मुलीला पाळीबद्दल कधी सांगू?" असं एखादी आई विचारते तेव्हा मी आधी मुलीचं वय विचारते. "अकरा" असं उत्तर आलं की म्हणते, आज संध्याकाळीच सांगा. मुलांचे बाबा हा प्रश्न क्वचितच विचारतात. विचारतात तेव्हा मुलगा बहुतेक वेळा चौदाचा झालेला असतो, खोलीचं दार लावून बसायला लागलेला असतो, आणि त्याला जे कळायचं ते मित्रांकडून आणि मोबाइलवरून कळून गेलेलं असतं. त्यातलं अर्धं चुकीचं असतं.

मुलामुलींची आणि पालकांची सत्रं घेताना एक गोष्ट मला सतत दिसत आली आहे. शरीर बदलतं याचा मुलांना तेवढा त्रास होत नाही, जेवढा ते न सांगता बदलतं याचा होतो. रक्ताचा डाग बघून आपल्याला काहीतरी गंभीर झालंय असं समजून दोन दिवस गप्प राहिलेली मुलगी, किंवा सकाळी ओली चड्डी गादीखाली लपवणारा मुलगा, यांना सहा महिने आधी दहा मिनिटांची माहिती मिळाली असती तर ती भीती त्यांच्या वाट्याला आलीच नसती. म्हणून पुढे जे काही लिहिलंय त्यात सगळा भर "आधी" या शब्दावर आहे.

१. आधी वयाचा हिशोब करा

वयात येण्याची पहिली खूण मुलींमध्ये साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान दिसते, मुलग्यांमध्ये ९ ते १४ च्या दरम्यान. या काळातलं कुठलंही वय नॉर्मल आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन बारा वर्षांच्या मुलींपैकी एकीला पाळी येऊन वर्ष झालेलं असतं आणि दुसरीच्या अंगात अजून काहीच सुरू झालेलं नसतं. दोघीही निरोगी असतात. फक्त दोघींनाही हे कुणीतरी सांगायला हवं, कारण लवकर वाढणारी मुलगी स्वतःला विचित्र समजते आणि उशिरा वाढणारी स्वतःला मागे पडलेली समजते.

तेव्हा मुलगी ८ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा झाला की पहिलं बोलणं व्हायला हवं. "एवढ्या लहानपणी?" असं वाटेल. पण ८ व्या वर्षी सगळं सांगायचं नसतंच. "येत्या काही वर्षांत तुझं शरीर मोठ्या माणसासारखं होत जाईल. उंची वाढेल, काही ठिकाणी केस येतील. काही वेगळं दिसलं, दुखलं, तर मला सांग," एवढं पुरतं. या वयात मुलं लाजत नाहीत, सरळ प्रश्न विचारतात. बाराव्या वर्षी तीच मुलं विषय निघाला की उशीत तोंड खुपसतात. सोपा काळ वाया घालवू नका.

२. शब्द तोंडात बसवा

तयारी मुलांची नंतर, आपली आधी. आपल्यापैकी बहुतेकांनी योनी, शिश्न, वृषण, स्तन हे शब्द मोठ्याने कधी उच्चारलेलेच नसतात. त्यामुळे ऐन वेळी जीभ अडखळते, आवाज खाली जातो, आणि मुलाला शब्दांच्या आधी आपली लाजच कळते. घरात कुणी नसताना हे शब्द चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. हा उपाय बाळबोध वाटतो, पण लागू पडतो.

लहान मूल "शूची जागा" म्हणतं, ते त्याच्या वयाला ठीकच. पण शाळेत जायला लागल्यावर नाक, कोपर, गुडघा जसं नावाने ओळखतं तसं हेही नावाने ओळखता यायला हवं. याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. दुखतंय कुठे, किंवा कुणी हात लावला कुठे, हे ज्या मुलाला नावानिशी सांगता येतं त्याचं म्हणणं मोठ्यांना लगेच समजतं.

आणखी दोन शब्दांकडे लक्ष द्या. पाळीला आपण "अडचण" किंवा "प्रॉब्लेम" म्हणतो. मुलीच्या कानावर सतत तेच पडत असेल तर दर महिन्याला आपल्याला काहीतरी बिघाड होतो, असंच ती समजणार. "पाळी" हा छोटा आणि स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे, तोच वापरा. दुसरा शब्द "स्वप्नदोष". ज्या गोष्टीत कसलाही दोष नाही तिच्या नावातच आपण दोष घालून ठेवलाय. तेरा वर्षांच्या मुलाने हा शब्द ऐकला की त्याला वाटतं, दोष आपलाच. "झोपेत वीर्य बाहेर येणं" असं साधं म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

३. आत काय चालतं, ते आधी आपण समजून घ्या

सगळ्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एका संप्रेरकाचे (हार्मोनचे) ठोके देऊ लागतो, सुरुवातीला मुख्यतः रात्री झोपेत. त्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथी जागी होते आणि तिचे निरोप रक्तातून खाली पोचतात. मुलींमध्ये बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करू लागतात, मुलग्यांमध्ये वृषण टेस्टोस्टेरॉन. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतंत्रपणे आपलं काम करत असतात. काखेतले केस आणि घामाचा नवा वास यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणूनच काही मुलांच्या घामाला वास येऊ लागतो, पण बाकी खुणा बराच काळ दिसत नाहीत.

बदलांचा क्रम ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत १९६९ आणि १९७० साली मांडला. आजही डॉक्टर त्यांच्या पाच टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. पालकांनी टप्पे पाठ करायची गरज नाही, क्रम मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढे काय येणार हे त्यावरूनच आधी सांगता येतं. मुलींमध्ये बहुधा आधी स्तनांची वाढ, मग केस, मग उंचीची झेप आणि शेवटच्या भागात पाळी. मुलग्यांमध्ये आधी वृषणांची वाढ, मग केस आणि शिश्नाची वाढ, उंचीची झेप उशिरा, आणि आवाज फुटणं, मिसरूड फुटणं त्याच्या आसपास किंवा नंतर.

या क्रमामुळेच बाराव्या वर्षी वर्गातल्या मुली उंच दिसतात आणि मुलगे लहानखुरे. मुलींची झेप साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास सर्वात जोरात असते, तेव्हा त्या वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर वाढतात. मुलग्यांची १४ च्या आसपास, वर्षाला ९ ते १० सेंटिमीटर. "मी बुटकाच राहणार का?" असं विचारणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला हे आकडे सांगा. नुसत्या "होशील रे उंच"पेक्षा त्याला त्यांचा आधार वाटतो.

४. मुलीला काय सांगायचं

पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली लागणारी छोटी, दुखरी गाठ. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलगी घाबरते, आणि खरं सांगायचं तर आईही घाबरते. धक्का लागला की तिथे कळ येते, हेही सांगा. मऊ सुती आतला कपडा तिला कधी हवाय हे तिला विचारून ठरवा. "आता घालायलाच हवं" असं फर्मान काढलं की शरीर ही लपवायची वस्तू आहे हा धडा त्यासोबतच जातो.

गाठ दिसली की मनात नोंद करा. साधारण दोन ते तीन वर्षांत पाळी येईल. त्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट किंवा पारदर्शक स्राव दिसू लागतो. "अंगावरून पांढरं जाणं" म्हटलं की घरात लगेच अशक्तपणाची चर्चा सुरू होते. पण खाज, आग, घाण वास नसेल आणि रंग हिरवट-पिवळा नसेल, तर हा स्राव म्हणजे योनीमार्ग स्वतःची साफसफाई करतोय. म्हणून आतून धुवायची गरज नसते. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. सुगंधी साबण आणि तथाकथित खास द्रावणं तिथे वापरू नयेत, त्यांनी उलट जळजळ होते.

पाळी समजावताना रक्तापासून सुरुवात करू नका, गर्भाशयापासून करा. साधारण मुठीएवढी एक पिशवी. दर महिन्याला तिच्या आत मऊ अस्तर तयार होतं, बाळ रुजलंच तर त्याच्यासाठी. रुजलं नाही की ते अस्तर सुटून योनीमार्गातून बाहेर येतं. हे अस्तर आणि थोडं रक्त म्हणजे पाळी. मुली हमखास विचारतात, "सगळं रक्त निघून जातं का?" नाही. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पॅडवर ते पसरतं म्हणून खूप वाटतं. हे चमच्याने पाणी ओतून दाखवलं तर मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण बघता बघता उतरतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

मग प्रत्यक्ष सराव. पॅड हातात द्या, उघडू द्या, चिकट बाजू कुठली ते तिला शोधू द्या, जुन्या चड्डीवर लावून बघू द्या. त्यावर थोडं पाणी ओतून किती शोषलं जातं ते दाखवा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, संडासात कधीही नाही, हेही याच वेळी सांगा. दप्तरात एक छोटी पिशवी कायमची ठेवा. तिच्यात दोन पॅड, एक चड्डी, थोडा कागद, आणि वापरलेले कपडे ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी. मग शाळेतला प्रसंग बोलून घ्या. डाग दिसला तर कुणाला सांगशील? पॅड नसलं तर काय करशील? (घडी केलेला स्वच्छ कपडा किंवा टिश्यू तेवढ्यापुरतं चालतं.) मागे डाग पडला तर स्वेटर कंबरेला बांध, पाण्याची बाटली सांडली म्हण, किंवा काहीही म्हणू नकोस, सरळ चालत जा.

पॅड दर ४ ते ६ तासांनी बदलायचं, कमी रक्त असलं तरी. कापड वापरत असाल तर ते थंड पाण्यात साबणाने धुऊन उन्हात पूर्ण कोरडं करायचं. इतर कपड्यांखाली लपवून अर्धवट ओलं ठेवलेलं कापड म्हणजे संसर्गाला आमंत्रण. टॅम्पॉन (योनीमार्गात ठेवायची शोषक गुंडाळी) ८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि मेन्स्ट्रुअल कप (आत बसवून रक्त गोळा करणारी मऊ वाटी) १२ तासांपेक्षा जास्त नाही. लहान मुलीही हे वापरू शकतात, पण सुरुवात पॅडने केली तर सोपं जातं.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असते. कारण पाळी सुरू झाली तरी दर महिन्याला बीज सुटेलच असं नाही, मेंदू आणि बीजांडकोश यांचा मेळ अजून बसत असतो. या वयात पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस गेले तरी ठीक. रक्तस्राव २ ते ७ दिवस. कॅलेंडरवर खूण करायची सवय पहिल्याच पाळीपासून लावा आणि ते कॅलेंडर तिचं तिला ठेवू द्या.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मुलींवर फार अन्याय होतो. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं आणि ओटीपोटात कळा येतात. गरम पाण्याची पिशवी खरंच उपयोगी पडते, हलका व्यायामही. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ही द्रव्यं तयार होण्यावरच काम करतात, म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त चांगली लागू पडतात. डोस डॉक्टरांना विचारून, आणि काही खाल्ल्यावर. लहान मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नये. पण दर महिन्याला शाळा बुडत असेल, औषधानेही उतार पडत नसेल, तर "सगळ्याच बायकांना दुखतं" हे वाक्य गिळून टाका आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आजार किशोरवयातही असतात, आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाहीत ते याच वाक्यामुळे.

अंघोळ, केस धुणं, खेळ, धावणं, पाळीत सगळं चालतं.

५. मुलग्याला काय सांगायचं

मुलग्यांशी कुणी बोलतच नाही. त्यांच्याकडे पाळीसारखी एक ठळक घटना नसते, म्हणून घरात कुणाला विषय काढायची निकडही वाटत नाही. माझ्या सत्रांमध्ये नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारायला सांगितलं की मुलग्यांच्या चिठ्ठ्यांनी डबा भरतो, आणि त्यातले निम्मे प्रश्न एकच असतात: मी नॉर्मल आहे का?

तर हे सांगा. वृषण मोठे होऊ लागतील, एक दुसऱ्यापेक्षा थोडं खाली असेल, ते तसंच असतं. ते शरीराबाहेर पिशवीत का असतात, हा मुलांना आवडणारा प्रश्न आहे. शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा थोडं कमी तापमान लागतं, म्हणून. शिश्न अवेळी ताठर होईल, वर्गात, बसमध्ये, काही कारण नसताना. संप्रेरकांमुळे होतं, काही मिनिटांत जातं, दप्तर मांडीवर घ्यावं आणि दुसरीकडे लक्ष वळवावं. झोपेत वीर्य बाहेर येईल किंवा येणारही नाही, दोन्ही ठीक. सकाळी चड्डी धुवायला टाकायची, कुणाला सांगायची गरज नाही. हे वाक्य त्याला फार मोठा दिलासा देतं.

हस्तमैथुनाबद्दल मुलगे विचारतील किंवा विचारणार नाहीत, पण ऐकलेलं मात्र बरंच असतं. अशक्तपणा येतो, दृष्टी जाते, वीर्य संपतं, यातलं काहीही खरं नाही. ही खाजगी गोष्ट आहे, ती एकांतातच असावी, आणि त्यापायी अभ्यास, खेळ, झोप मागे पडत असेल तर बोलायला यावं, एवढं सांगितलं की पुरे. हे मुलीलाही लागू आहे.

चौदाच्या आसपास छाती थोडी फुगलेली किंवा स्तनाग्राखाली गाठ लागली, तर मुलगा कुणासमोर शर्ट काढत नाही, पोहायला जाणं बंद करतो. निम्म्याहून अधिक मुलग्यांना हे कमी-जास्त प्रमाणात होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. त्याला चिडवणारा घरातलाच कुणी असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आवाज फुटतो तो स्वरयंत्र मोठं होऊन स्वरतंतू लांब आणि जाड होतात म्हणून. काही महिने तो मध्येच किरटा होतो. या काळात मुलाला पाहुण्यांसमोर गायला लावू नका.

स्वच्छतेचं सांगताना शिश्नावरची त्वचा सहज मागे जात असेल तर अंघोळीत हलकेच मागे घेऊन पाण्याने धुवायचं आणि पुन्हा पुढे आणायचं. जात नसेल तर जोर करायचा नाही. किशोरवयात ती हळूहळू मोकळी होते. फुगवटा आला, लघवीला त्रास झाला, वारंवार लाली आली तर डॉक्टर.

आणि या विभागातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. वृषणात अचानक, जोरात दुखू लागलं, कधीकधी सोबत उलटी किंवा ओटीपोटात दुखणं, तर ती तातडीची वेळ आहे. वृषणाला रक्त पोचवणारी दोरीसारखी नळी पिळली गेलेली असू शकते. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता खूप जास्त असते, उशीर होत जातो तशी ती झपाट्याने घटते. मुलगे लाजून "पोटात दुखतंय" एवढंच सांगतात आणि रात्र काढतात. म्हणून आजच सांगून ठेवा: "तिथे अचानक दुखलं तर रात्री दोन वाजताही मला उठव."

६. दोघांना दोघांचंही सांगा

शाळेत मुलींना एका खोलीत नेऊन पाळीबद्दल सांगतात आणि मुलग्यांना मैदानावर सोडतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. मग मुलग्यांना पाळी म्हणजे मुलींचं काहीतरी गुपित वाटतं आणि गुपिताची चेष्टा होते. डाग पडलेल्या मुलीला न हसता आपलं जॅकेट देणारा मुलगा हवा असेल, तर त्याला पाळी म्हणजे काय हे तिच्याइतकंच माहीत हवं. मुलीलाही मुलग्यांचं कळायला हवं. घरात भाऊबहीण असतील तर एकदा दोघांना एकत्र बसवून सांगा, आणि नंतर वेगवेगळंही, कारण काही प्रश्न एकमेकांसमोर निघत नाहीत.

आईनेच मुलीला आणि बाबांनीच मुलाला सांगावं असा काही नियम नाही. ज्याच्याशी मूल मोकळं असेल त्याने सांगावं. मतिमंद किंवा अपंग मुलं असलेल्या घरांना एक विशेष विनंती. त्यांचंही शरीर त्याच वेळापत्रकाने वाढतं, आणि त्यांना ही माहिती जास्त लवकर, जास्त सोप्या शब्दांत, चित्रांसह आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागते. त्यांना कळणार नाही असं गृहीत धरणं त्यांच्या सुरक्षिततेसाठी घातक आहे.

७. घाम, मुरुम, केस

काखेतल्या घामग्रंथी या वयात नव्याने काम सुरू करतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, त्वचेवरचे जंतू त्याचं विघटन करतात तेव्हा वास येतो. रोज अंघोळ, धुतलेले कपडे, मोजे रोज बदलणं, हवं तर डिओडरंट. सांगताना "वास येतोय" असं चारचौघांत म्हणू नका.

तारुण्यपिटिका हा शब्दच सांगतो की त्या या वयाच्याच. संप्रेरकांमुळे त्वचेत तेल वाढतं, छिद्रं बुजतात. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेली मलमं उपयोगी पडतात, पण फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मुलं दहा दिवसांत सोडून देतात. कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम अजिबात नको. डाग-खड्डे पडू लागले तर त्वचारोगतज्ज्ञ. गुप्तांगाजवळचे केस काढायलाच हवेत असं आरोग्याच्या दृष्टीने काहीही नाही.

८. झोप, खाणं, हाडं

किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही यात आळस किंवा उर्मटपणा नसतो. पण १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागतेच, आणि सकाळची शाळा थांबत नाही. त्यामुळे झोपण्याआधी तासभर मोबाइल खोलीबाहेर, सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार न बदलणं, एवढं आपल्या हातात आहे.

या वर्षांत भूक वाढते, ती खरी असते. पाळीमुळे मुलींना लोह जास्त लागतं. सतत थकवा, धाप, फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. हाडांची बहुतेक घनता, सुमारे ९० टक्के, मुलींमध्ये १८ आणि मुलग्यांमध्ये २० वर्षांपर्यंत तयार होऊन जाते, म्हणून कॅल्शियम आणि रोजची तासभर हालचाल याच काळात जास्त कामाची. कुणी जेवण टाळू लागलं, ताटातलं मोजू लागलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागलं, तर ते डाएट समजून सोडू नका.

लसीचंही याच वयात बघायचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्ही लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अनेक देशांत ती मुलग्यांनाही देतात.

९. मन, खाजगीपणा, फोन

भावना चटकन पेटवणारे मेंदूचे भाग या वयात जोरात असतात, आणि लगाम धरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. म्हणून दार आपटलं जातं, आणि अर्ध्या तासाने तेच मूल शेजारी येऊन बसतं. बसू द्या, लगेच हिशोब काढू नका. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, आवडत्या गोष्टी सुटल्या, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या किंवा मरणाचं बोलणं निघालं, तर "वयाचं आहे" म्हणून थांबू नका. सरळ विचारा आणि त्याच दिवशी मदत घ्या. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे.

दारावर टकटक करून आत जा. आपल्या शरीराच्या हद्दीचा मान घरातच मिळाला तर बाहेर कुणी ती ओलांडली की मुलाला ते लगेच कळतं. स्पर्शाबद्दल सांगताना फक्त अनोळखी माणसांची भीती घालू नका. त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची असते. "कुणीही, अगदी आपल्यातल्याही कुणी, असं काही केलं आणि गुप्त ठेव म्हटलं, तर ते गुपित मला सांगायचंच. चूक तुझी नसेल. मी रागावणार नाही." हेच फोनबद्दल. कुणी फोटो मागितला, पाठवायला भाग पाडलं, धमकी दिली, तर आधी आपल्याकडे यायचं. आणि ते आले तर खरोखरच रागावू नका, नाहीतर दुसऱ्यांदा येणार नाहीत. पडद्यावर दिसणारं अश्लील चित्रण खऱ्या शरीरांसारखं नसतं आणि खऱ्या नात्यांसारखंही नसतं, हे बारा-तेराव्या वर्षी स्पष्ट सांगून टाका. तोवर कुणीतरी दाखवलेलं असतं.

१०. बोलायचं कसं

समोरासमोर खुर्च्या मांडून "आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर बोलणार आहोत" असं केलं की मूल आक्रसून बसतं. चालताना, कपड्यांच्या घड्या करताना, गाडी चालवताना बोला. डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा मुलं जास्त बोलतात. दोन-तीन मिनिटं, मग विषय बदला. पुन्हा पंधरा दिवसांनी. एकच लांबलचक व्याख्यान देण्यापेक्षा वर्षभरात वीस छोटी बोलणी झालेली कधीही चांगली.

प्रश्न अंगावर आला तर आधी विचारा, "तू काय ऐकलंयस?" म्हणजे त्याला किती हवंय ते कळतं. "बाळ कसं होतं?" याला दहा वर्षांच्या मुलासाठी उत्तर असं: पुरुषाच्या शरीरातली शुक्रपेशी आणि बाईच्या शरीरातलं बीज एकत्र आलं की गर्भ तयार होतो. पुढे "एकत्र येतात कसे?" आलंच, तर तेही सरळ सांगा: मोठी माणसं दोघांच्या मर्जीने शरीरसंबंध ठेवतात तेव्हा शिश्नातून शुक्रपेशी योनीमार्गात जातात. मूल बहुतेक "शी!" म्हणतं आणि खेळायला पळतं. उत्तर येत नसेल तर "मला नक्की माहीत नाही, बघून उद्या सांगते" म्हणा, आणि उद्या सांगा.

एक वही ठेवता येते. मूल त्यात प्रश्न लिहून आपल्या उशीखाली ठेवतं, आपण उत्तर लिहून त्याच्या उशीखाली. लाजाळू मुलांसाठी यासारखा मार्ग नाही.

११. डॉक्टरांकडे कधी

मुलीला ८ वर्षांच्या आधी किंवा मुलग्याला ९ च्या आधी खुणा दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढ फार लवकर सुरू झाली तर हाडांची टोकंही लवकर बंद होतात आणि उंची खुंटते, म्हणून वेळ महत्त्वाची. उलट मुलीला १३ पर्यंत आणि मुलग्याला १४ पर्यंत काहीच खूण नसेल, किंवा १५ पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तरी दाखवा. स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षांत पाळी आली नाही तरीही.

पाळी ७ दिवसांपेक्षा जास्त चालली, पॅड दर तासा-दोन तासांनी भिजत असेल, किंवा सुरू झालेली पाळी ९० दिवस आलीच नाही, तर थांबू नका. तीन वर्षं होऊनही पाळी फार अनियमित, सोबत चेहऱ्यावर जास्त केस आणि हट्टी मुरुम, असं असेल तर संप्रेरकांची तपासणी लागते. उंची झपाट्याने वाढत असताना एक खांदा वर दिसतो का, पाठीचा कणा वाकडा वाटतो का, हे अधूनमधून बघत जा. याच वर्षांत ते लवकर वाढतं.

दवाखान्यात गेल्यावर सुरुवातीची माहिती तुम्ही द्या, मग बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलाला विचारा, "तुला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय का?" हो म्हणालं तर उठून बाहेर बाकावर जाऊन बसा. तपासणीच्या वेळी तुम्ही सोबत हवे असाल तर ते बोलावेल. नंतर घरी जाताना आत काय बोलणं झालं ते विचारू नका. त्याला सांगायचं असेल ते ते सांगेल, बहुधा त्याच रात्री, दिवे मालवल्यावर.